कैरो विद्यापीठ: वर्गणी, जमीन आणि एका राजकन्येचे दागिने

सांजवात

नमस्कार मंडळी,

मागे इथे मुंबई विद्यापीठाच्या जुन्या दिवसांवर गप्पा चालल्या होत्या, तेव्हा मी जाता जाता कैरोचं नाव काढलं आणि दोघातिघांनी सविस्तर लिहायची गळ घातली. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं कैरोत होतो. नाईलच्या पश्चिमेला दोक्की म्हणून वस्ती आहे, तिथे आमचं बिऱ्हाड होतं. रोज भाजीला जाताना एका लांबलचक कुंपणाशेजारून जावं लागे. आत जुनी झाडं आणि एक मोठा वाडा. हे शेतकी संग्रहालय, एवढंच मला ठाऊक होतं. तो वाडा कुणाचा होता हे कळलं तेव्हा मी या विद्यापीठाच्या गोष्टीत शिरले, ती अजून बाहेर पडलेले नाही.

सुरुवात १९०६ ची. इजिप्तवर तेव्हा ब्रिटिशांचा ताबा. गादीवर खेदीव, म्हणजे तिथला वंशपरंपरागत राज्यकर्ता, पण कारभार ब्रिटिश प्रतिनिधी लॉर्ड क्रोमरच्या हातात. उच्च शिक्षण म्हणजे सरकारी कारकून, डॉक्टर, वकील तयार करणाऱ्या सुट्या सुट्या शाळा. विद्यापीठ असं नव्हतंच. मुस्तफा कामिल हा तरुण राष्ट्रवादी पुढारी आपल्या वर्तमानपत्रातून विद्यापीठासाठी हाकाटी करत होता. पहिली मोठी देणगी आली ती बेनी सुएफच्या मुस्तफा कामिल अल-घमरावी या जमीनदाराकडून, ५०० पौंड. (दोघांच्या नावांतल्या साम्यामुळे मी बरेच दिवस गोंधळले होते.) १२ ऑक्टोबर १९०६ ला साद झगलूल यांच्या घरी बैठक झाली. हेच झगलूल पुढे ब्रिटिशांविरुद्धच्या १९१९ च्या उठावाचे नेते झाले. त्या संध्याकाळी मात्र ते वर्गणीची वही उघडून बसले होते. चिटणीस होते कासिम अमीन, स्त्रियांच्या मुक्तीवर १८९९ मध्ये पुस्तक लिहून सगळा समाज अंगावर घेतलेला न्यायाधीश.

या बैठकीत ठरलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. विद्यापीठ राजकारणाचं नसेल आणि कुठल्या एका धर्माचंही नसेल, विद्या हवी असलेल्या कुणालाही ते खुलं राहील, असं त्यांनी ठरवलं. नोकरीची पदवी हा हेतूच नव्हता. ज्या देशात शिकायचं ते सरकारी खुर्चीसाठी, अशी रीत पडलेली, तिथे ज्ञानासाठी ज्ञान या एका मुद्द्यावर लोकांकडून पैसे मागायला निघायला धाडस लागतं.

पंधरा दिवसांतच झगलूल शिक्षणमंत्री झाले आणि समितीतून बाहेर पडले. कासिम अमीन यांनी भार उचलला. एप्रिल १९०८ मध्ये ते अचानक वारले, तेव्हा वय अवघं चव्वेचाळीस. विद्यापीठ सुरू व्हायला आठ महिने उरले होते. ते त्यांना पाहायला मिळालं नाही, हे वाचताना माझ्या घशाशी आलं होतं.

समितीचं अध्यक्षपद तोवर राजघराण्यातल्या अहमद फुआद यांच्याकडे गेलं होतं. २१ डिसेंबर १९०८ ला उद्घाटन झालं. स्वतःची इमारत नाही, म्हणून जानाक्लिस नावाच्या ग्रीक सिगारेटवाल्याचा वाडा भाड्याने घेतला. आज तहरीर चौकात अमेरिकन विद्यापीठाची जी जुनी वास्तू दिसते, ती हीच. सुरुवातीला ना विद्याशाखा, ना प्रयोगशाळा. इस्लामी संस्कृती, प्राचीन पूर्वेची संस्कृती, असे व्याख्यानांचे वर्ग. इजिप्तचा पुरातन इतिहास शिकवायला अहमद कमाल होते, चित्रलिपी वाचणाऱ्या पहिल्यावहिल्या इजिप्शियन अभ्यासकांपैकी एक. मग युरोपातून पंडित बोलावले. इटलीचे कार्लो नल्लिनो आले आणि अरबांच्या खगोलशास्त्राचा इतिहास त्यांनी चक्क अरबीत शिकवला.

त्या बाकांवर एक आंधळा मुलगा येऊन बसायचा. ताहा हुसेन. दक्षिणेकडच्या खेड्यातला, लहानपणी डोळे आले आणि गावठी उपचारांत दृष्टी गेली. अल-अझहर या कैरोतल्या शेकडो वर्षं जुन्या इस्लामी विद्यापीठातल्या पाठांतराला कंटाळलेला. अल-अझहरने त्याला शेवटच्या परीक्षेत नापास केलं. या नव्या विद्यापीठाने १९१४ मध्ये त्याला आपली पहिली डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय होता अबुल-अला अल-मआरी, हजार वर्षांपूर्वीचा अरबी कवी, तोही आंधळाच.

पैसा मात्र आटत चालला होता. वर्गणीचा उत्साह दोनतीन वर्षं टिकतो, पुढे दरमहा पगार द्यायचे असतात. आणि इथे तो माझ्या रोजच्या वाटेवरचा वाडा येतो. तो होता राजकन्या फात्मा इस्माईल यांचा. खेदीव इस्माईलची मुलगी, म्हणजे अहमद फुआद यांची सावत्र बहीण. त्यांचे वैद्य मुहम्मद अलवी पाशा विद्यापीठाच्या मंडळावर होते. त्यांनी तिजोरीची हकीकत बाईंच्या कानावर घातली. बाईंनी दिलं ते असं: नाईलच्या त्रिभुज प्रदेशात दकहलिया प्रांतातली ६६१ फद्दान सुपीक जमीन, तिचं उत्पन्न कायमचं विद्यापीठाला, वक्फ करून. (फद्दान म्हणजे एकराहून थोडंसं जास्त.) वर आपल्या वाड्याजवळची ६ फद्दान जागा इमारतीसाठी. आणि इमारत बांधायला स्वतःचे दागिने. ते विकून १८,००० पौंड उभे राहिले.

मार्च १९१४ च्या अखेरीस कोनशिला बसली. चार महिन्यांत महायुद्ध पेटलं. बांधकाम तिथेच थांबलं, काटकसर म्हणून विद्यापीठाने भाड्याचा वाडासुद्धा सोडून स्वस्तातली जागा घेतली, फ्रान्सला पाठवलेल्या विद्यार्थ्यांना परत बोलावलं. त्यांत ताहा हुसेनही होता. फात्मा इस्माईल १९२० मध्ये गेल्या. त्यांच्या दागिन्यांच्या पैशांतून त्या जागेवर जी वास्तू उभी राहायची होती, ती त्यांनी पाहिली नाही.

११ मार्च १९२५ ला राजाज्ञेने हे लोकवर्गणीचं विद्यापीठ सरकारी झालं. राजा कोण? तेच फुआद. वैद्यकाची जुनी शाळा, म्हणजे क्लोत बे या फ्रेंच डॉक्टरने १८२७ मध्ये सुरू केलेली आणि कस्र अल-ऐनी नावाने प्रसिद्ध असलेली, विद्यापीठात आली. कायद्याची शाळाही आली. कला, विज्ञान, वैद्यक आणि कायदा अशा चार विद्याशाखांनी नवा संसार सुरू झाला. पहिले रेक्टर, म्हणजे कुलगुरू, लुत्फी अल-सय्यद. दोक्कीतली जागा सोडून सरकारने बदल्यात गिझात ओरमान बागेलगत ९० फद्दान दिली. ७ फेब्रुवारी १९२८ ला पुन्हा कोनशिला. आज जो घुमट आणि घड्याळाचा मनोरा फोटोत दिसतो तो तिथला.

फुआद १९३६ मध्ये वारले आणि १९४० मध्ये विद्यापीठाला नाव मिळालं 'फुआद पहिला विद्यापीठ'. राजेशाही गेल्यावर १९५३ मध्ये ते कैरो विद्यापीठ झालं. भावाचं नाव तेरा वर्षं कमानीवर होतं. जमीन, जागा आणि अंगावरचे दागिने देणाऱ्या बहिणीचं नाव द्यावं असं कुणाच्या मनातही आलं नसेल. आणि तिने दागिने दिले तेव्हा त्या विद्यापीठात मुलींना पदवीसाठी प्रवेशच नव्हता. मुलींबद्दल इथे मुद्दाम थोडंच लिहिते आहे, प्रतिसादांत बोलू.

जाता जाता एक. अरबीत विद्यापीठाला 'जामिआ' म्हणतात, कैरोच्या बोलीत 'गामआ'. मुळात अर्थ एकत्र आणणारी. आपले जमा, जमाव, जमात हे शब्द त्याच धातूतले. वर्गणी जमा करून उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाला हा शब्द अगदी शोभतो.

---

कृष्णाकाठ

सांजवातताई, एका बैठकीत वाचून काढलं. कासिम अमीनांच्या जागी थबकलो.

एक शंका. अल-अझहर तर दहाव्या शतकापासून तिथेच आहे. जगातल्या जुन्या विद्यापीठांत त्याचं नाव घेतात. मग नव्याची गरज का पडावी? तिथेच नवे विषय घालता आले नसते का?

---

सांजवात

कृष्णाकाठ, प्रयत्न झाले होते. मुहम्मद अब्दुह हे मोठे सुधारक धर्मपंडित अल-अझहरच्या सुधारणेसाठी झटले. वरिष्ठ उलेमांचा आणि खेदीवाचाही विरोध झाला. १९०५ मध्ये त्यांनी तिथल्या कारभारातून अंग काढून घेतलं आणि त्याच वर्षी ते वारले. त्यांच्याच प्रभावाखालची मंडळी पुढच्या वर्षी झगलूल यांच्या घरी जमली होती. आतून दार उघडत नाही असं दिसल्यावर त्यांनी दुसरं घर बांधायला घेतलं, असं मी समजते.

पण दोन घरांत भिंत नव्हती. पहिले कितीतरी विद्यार्थी अल-अझहरचेच. सकाळी तिथे, संध्याकाळी इकडे.

---

अभ्यासिका

उत्तम धागा. क्रोमरचा उल्लेख आलाच आहे तर आपल्याकडचा एक दुवा जोडते. हा क्रोमर म्हणजे एव्हलिन बेअरिंग. इजिप्तचा कारभार हाती येण्याआधी तो हिंदुस्थानात होता. १८७२ ते १८७६ व्हाइसरॉय नॉर्थब्रूकचा खाजगी सचिव आणि १८८० ते १८८३ रिपनच्या मंडळात अर्थखात्याचा सदस्य. मुंबई, कलकत्ता, मद्रास इथल्या विद्यापीठांतून बाहेर पडलेले पदवीधर सभा भरवतात, वर्तमानपत्रं काढतात, सरकारला जाब विचारतात, हे त्याने जवळून पाहिलं होतं. इजिप्तमध्ये तीच पिढी आपल्या हाताने घडवायची नाही, हे त्याच्या धोरणात स्पष्ट दिसतं. गावोगावच्या कुत्ताबांत, म्हणजे आपल्या पंतोजींच्या शाळांसारख्या ठिकाणी, अक्षरओळख झाली की पुरे. वरच्या शाळांना फी. शिक्षणखात्याचा सल्लागार डनलॉप नावाचा स्कॉटिश गृहस्थ, त्याच्याबद्दल इजिप्तमध्ये आजही कुणी बरं बोलत नाही.

म्हणजे पुण्यामुंबईच्या पदवीधरांना घाबरून कैरोत विद्यापीठ होऊ द्यायचं नाही, असा हा हिशेब. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने सभा गाजवल्या त्याचा परिणाम इतक्या लांब झाला, हे समजल्यावर मी बराच वेळ विचार करत बसले होते.

१९०६ हेच वर्ष का, तेही यातून उलगडतं. त्या जूनमध्ये दिनशवाई खेड्यात कबुतरांच्या शिकारीवरून ब्रिटिश अधिकारी आणि गावकरी यांच्यात झटापट झाली. त्यावरून चार गावकऱ्यांना फाशी आणि इतरांना फटके, तेही त्यांच्याच गावात, त्यांच्या बायकामुलांसमोर. देश पेटून उठला. ऑक्टोबरमध्ये वर्गणी सुरू झाली ती या रागावर. पुढच्या वर्षी क्रोमर गेला.

---

बकुळफूल

मुलींचं तुम्ही हात राखून लिहिलंत म्हणून मी लिहिते. माझा हा वाचनाचा विषय आहे.

१९०९ मध्ये विद्यापीठाने बायकांसाठी वेगळी व्याख्यानं सुरू केली होती. शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, पुरुष विद्यार्थी नसताना. तिथे बोलायला कोण होत्या पाहा. मलक हिफ्नी नासिफ, स्वतः लेखिका आणि शिक्षिका. नबविया मूसा, जिने १९०७ मध्ये माध्यमिक शाळान्त परीक्षा दिली. मुलींना त्या परीक्षेला बसता येत नाही म्हणून वर उल्लेख आलेल्या डनलॉपने तिला अडवायचा प्रयत्न केला होता, पण नियमात 'मुली नकोत' असं कुठे लिहिलेलं नव्हतं! ती बसली आणि पास झाली. तिच्यानंतर दुसरी मुलगी त्या परीक्षेला बसायला वीसेक वर्षं गेली.

ही शुक्रवारची व्याख्यानं १९१२ च्या सुमारास बंद पाडली गेली. विरोध रस्त्यावर आला होता, आणि पैसाही कमी पडत होता. बायकांचा विभाग बंद झाला त्यानंतर एक बाई सगळे दागिने देते, हा क्रम लक्षात घ्या.

मग १९२८-२९ मध्ये लुत्फी अल-सय्यद यांनी जे केलं ते मला मनापासून आवडतं. विद्यापीठाच्या नियमात प्रवेश 'इजिप्शियनांना' असा शब्द होता. मुलीही इजिप्शियनच. त्यांनी आणि डीन मंडळींनी गाजावाजा न करता मुलींना प्रवेश देऊन टाकला. आरडाओरडा सुरू झाला तोवर मुली वर्गात बसलेल्या होत्या. १९३३ मध्ये पहिल्या मुली पदवीधर झाल्या. त्यांत सुहैर अल-कलमावी. तिला डॉक्टर व्हायचं होतं, ते जमलं नाही, तेव्हा ताहा हुसेन यांनी तिला अरबी साहित्याच्या वर्गात घेतलं. मुलगी एकटी, बाकी सगळे पुरुष. पुढे तिने अरबी सुरस कथांवर डॉक्टरेट केली आणि त्याच विभागाची प्राध्यापिका झाली. नाइमा अल-अय्युबी त्याच वर्षी कायद्याची पदवीधर झाली आणि वकिली करू लागली.

आपल्याकडे याच काळात अण्णासाहेब कर्वे पायपीट करून चार चार आणे गोळा करत होते. १९१६ मध्ये त्यांनी बायकांचं वेगळं विद्यापीठ काढलं, १९२० मध्ये ठाकरसींनी १५ लाख दिले. दोन वाटा आहेत. कर्व्यांनी वेगळं अंगण दिलं, लुत्फींनी त्याच अंगणाचं दार उघडलं. मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्येच दार उघडलं होतं हेही सांगायला हवं, पण दार उघडं असणं आणि मुलींनी तिथवर पोचणं यांत किती अंतर होतं ते कर्व्यांना कळलं होतं.

---

ओसरी

लेख आवडला, तरी एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. १९२५ पर्यंतचा काळ तुम्ही फार प्रेमाने रंगवलात आणि सरकारीकरण दोन ओळींत उरकलंत. मला वाटतं खरं विद्यापीठ १९२५ नंतरच झालं. लोकवर्गणीवर व्याख्यानं होतात. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, शवविच्छेदनाची खोली, पाचपाचशे मुलांचे वर्ग, हे सरकारी तिजोरीशिवाय होत नाही. अली मुशर्रफासारखा भौतिकशास्त्रज्ञ लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. घेऊन परत येतो आणि १९३६ मध्ये विज्ञान शाखेचा पहिला इजिप्शियन डीन होतो, ते शाखा होती म्हणून. त्याची विद्यार्थिनी समीरा मूसा अणुशास्त्रात काम करू लागते, तेही त्यामुळेच.

आणि तत्त्व कितीही उदात्त असलं तरी जुन्या खाजगी विद्यापीठाने ते नेहमी पाळलं असंही नाही. १९१० मध्ये इस्लामी इतिहास शिकवायला जुर्जी झैदान यांना बोलावलं. 'अल-हिलाल' मासिकाचे संस्थापक, विषयाचे जाणकार. ते ख्रिस्ती, म्हणून ओरड झाली आणि नेमणूक मागे घेतली. चारच वर्षांपूर्वी म्हटलं होतं ना, धर्म पाहणार नाही म्हणून?

---

सांजवात

ओसरी, झैदान यांचं प्रकरण मी गाळलं ही चूक झाली. तुमचं म्हणणं मान्य. ती घटना वाचून त्रास होतो.

बकुळफूल, शुक्रवारच्या व्याख्यानांबद्दल मला जेमतेम माहिती होती, इतक्या तपशिलाने सांगितल्याबद्दल खरंच आभार.

सरकारीकरणाबद्दल मात्र पूर्ण सहमत नाही. तिजोरीबरोबर हात येतो. १९२६ मध्ये ताहा हुसेन यांनी इस्लामपूर्व अरबी काव्यावर पुस्तक काढलं, त्यातलं बरंचसं काव्य नंतर रचून जुन्या कवींच्या नावावर घातलं असल्याची शंका घेतली. संसदेपर्यंत गदारोळ, सरकारी वकिलाकडे तक्रार. मुहम्मद नूर या सरकारी वकिलाने पुस्तक बारकाईने वाचलं, मुद्द्यांशी वादही घातला आणि मार्च १९२७ मध्ये निर्णय दिला की लेखकाचा हेतू संशोधनाचा आहे, गुन्हा नाही. त्या वेळी विद्यापीठ तगलं. पण १९३२ मध्ये पंतप्रधान सिदकी पाशांच्या सरकारला आपल्या मर्जीतल्या काही मंडळींना मानद डॉक्टरेट द्यायच्या होत्या, कला शाखेचे डीन म्हणून ताहा हुसेन नाही म्हणाले. मार्चमध्ये त्यांना उचलून शिक्षणखात्यात टाकलं. लुत्फी अल-सय्यद यांनी रेक्टरपदाचा राजीनामा दिला. मुलांनी संप केला. सिदकी गेल्यावर दोघेही परत आले, पण सरकारने एकदा हात घातला तो घातलाच.

---

मस्कतकर

मी वीस वर्षं मस्कतला होतो. माझ्या वाचनात यातलं काही नव्हतं, पण अनुभव आहे. आमच्या भागातल्या दवाखान्यातले वयस्कर डॉक्टर इजिप्तचे. त्यांना कुठे शिकलात विचारलं की 'कैरो' म्हणत नसत, 'कस्र अल-ऐनी' म्हणत. आपले जुने डॉक्टर 'ग्रँट' किंवा 'जी. एस.' म्हणतात तसं. मुलाच्या दम्याचं पाहायला रात्री अकराला घरी आले होते एकदा, स्वतःची गाडी घेऊन.

आखातात विद्यापीठं निघाली ती उशिरा. कुवेतचं १९६६, ओमानचं सुलतान काबूस १९८६. सुरुवातीच्या शिक्षकांत इजिप्शियन भरपूर. तेल यांच्याकडे होतं, शिकवणारी माणसं कैरोकडे. खार्टुमलाही कैरो विद्यापीठाची शाखा होती १९५५ पासून. १९९३ मध्ये सुदान सरकारने ती ताब्यात घेतली, आता ते अल-नीलैन विद्यापीठ आहे. तिथे शिकलेला एक सुदानी सहकारी आमच्या ऑफिसात होता, त्याला त्या जुन्या नावाचा अभिमान होता.

---

पितळी_डबा

भाषेचा विषय कुणी काढला नाही म्हणून विचारतो. वैद्यकाचं शिक्षण अरबीत की इंग्रजीत?

---

अभ्यासिका

@पितळी_डबा, हा प्रश्न फार चांगला. क्लोत बेच्या शाळेत शिक्षक फ्रेंच, विद्यार्थी अरबी. मग वर्गात मध्ये दुभाषे उभे असत, आणि हळूहळू पाठ्यपुस्तकं अरबीत आली. म्हणजे १८३० च्या दशकात कैरोत आधुनिक वैद्यक अरबीत शिकवलं जात होतं. ब्रिटिश आले आणि ते इंग्रजीत गेलं, आजही मुख्यतः इंग्रजीतच आहे. उलट दमास्कसने वेगळा रस्ता धरला. तिथल्या सीरियन विद्यापीठात, १९२३ पासूनच्या, वैद्यक अरबीत शिकवतात ते आजतागायत. परिभाषा घडवायला तिथल्या प्राध्यापकांनी अख्खी आयुष्यं घातली.

आपल्याकडेही ग्रँट मेडिकल कॉलेजात एकोणिसाव्या शतकात मराठीतून वैद्यकाचा वर्ग चालत होता. तो टिकला असता तर, असं मला राहून राहून वाटतं.

---

ओसरी

मस्कतकर, छान आठवण.

सांजवात, १९३२ चा मुद्दा पटला. मग १९६२ बद्दलही बोला. राष्ट्राध्यक्ष नासेर यांनी उच्च शिक्षण मोफत केलं, पदवीधराला सरकारी नोकरीची हमी दिली. वर्ग तुडुंब भरले. ज्ञानासाठी ज्ञान म्हणणारं विद्यापीठ शेवटी सरकारी खुर्चीच्या रांगेतच उभं राहिलं. हे तुम्हाला सलत नाही?

---

सांजवात

सलतं. पण या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तकातून देऊ शकत नाही, आमच्या तांतवरून देते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त इतिहासशिक्षिका राहत. सगळी इमारत त्यांना 'तांत' म्हणायची, आपण काकू म्हणतो तसं. मला अरबी त्यांनी शिकवली, पुदिना घातलेला काळा चहा समोर ठेवून. एकदा त्यांनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत त्यांचं विद्यापीठाचं ओळखपत्र होतं, साठच्या दशकाच्या मध्यातलं. पुठ्ठ्याचं. फोटोची टाचणी गंजून भोवती तपकिरी डाग पडलेला. फोटोतली मुलगी अठरा वर्षांची, केस मागे घट्ट बांधलेले, कॅमेऱ्याकडे डोळे वटारून पाहणारी.

त्या नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका खेड्यातल्या. वडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे, आई निरक्षर. फी असती तर प्रश्नच नव्हता, भावाला पाठवलं असतं. फी नव्हती म्हणून दोघंही आली. वर्गात इतकी गर्दी की पहिले तीन महिने त्या पायऱ्यांवर बसून टिपणं घ्यायच्या. मागच्यांना ऐकू जात नसे, मग पुढची मुलं वाक्य मागे पोचवत. मी विचारलं, असं शिकून काय कळायचं? त्या म्हणाल्या, वर्ग सुटल्यावर ग्रंथालय होतंच की. आठ वाजता बंद व्हायचं, त्या आठ वाजता उठायच्या.

त्यांनी बत्तीस वर्षं सरकारी शाळेत शिकवलं. हमीची नोकरीच ती. तेव्हा ओसरी, गर्दी खरी आहे, दर्जा घसरला हेही खरं आहे, तांत स्वतः तावातावाने सांगायच्या की हल्लीच्या मुलांना एक परिच्छेद नीट लिहिता येत नाही. पण फी गेल्यावर कोण आत आलं, हे मी त्या डब्यात पाहिलं आहे. नंतर मला कळलं की त्यांचं गाव दकहलिया प्रांतातलंच. फात्मा इस्माईल यांची ती ६६१ फद्दान जमीन जिथली, तो प्रांत. त्या जमिनीशी त्यांच्या घराचा संबंध होता की नव्हता, देव जाणे. मी त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, ओळखपत्र डब्यात ठेवलं आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

---

कृष्णाकाठ

शब्द नाहीत ताई. तांतना सलाम.

---

मस्कतकर

+१

मुलांच्या आंदोलनांबद्दल कुणी लिहील का? नासेर स्वतः विद्यार्थी असताना जखमी झाले होते असं ऐकलं आहे.

---

ओसरी

@मस्कतकर, हो, पण तेव्हा ते या विद्यापीठात नव्हते, माध्यमिक शाळेत होते. नोव्हेंबर १९३५. १९२३ ची राज्यघटना परत आणा म्हणून विद्यार्थी रस्त्यावर उतरले. विद्यापीठ नाईलच्या पश्चिम काठाला, सत्तेची सगळी ठिकाणं पूर्व काठाला. मध्ये अब्बास पूल. मोर्चा पुलावर आला की पोलिसांशी गाठ पडायचीच. गोळीबारात विद्यार्थी मेले, पण महिनाभरात घटना परत आली. ९ फेब्रुवारी १९४६ ला त्याच पुलावर पुन्हा. या वेळी मुलं पुलावर असताना पुलाचा उघडता भाग उचलला गेला आणि लाठ्या चालल्या. किती गेले याचे आकडे वेगवेगळे मिळतात. २१ फेब्रुवारीला देशभर संप झाला.

ताई म्हणतात त्या 'राजकारणाचं नसेल' या कलमाचं पोरांनी काय केलं ते यातून दिसतं. मला पोरांचंच बरोबर वाटतं.

---

खलाशी

उशिरा आलो. या डिसेंबरात आठवडाभर कैरोला जातो आहोत, मी आणि आई. पिरॅमिड वगैरे टूरवाले दाखवतीलच. या धाग्यातलं काय काय पाहता येईल? आई सत्तरीची आहे, फार चालणं होत नाही.

---

सांजवात

खलाशी, आईंना घेऊन जाताय हे छान.

विद्यापीठाच्या आवारात ओळखपत्राशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे आतलं धरू नका. पण दारासमोरच रस्त्याच्या मधोमध 'नहदत मिस्र' हा मुख्तार या शिल्पकाराचा गुलाबी ग्रॅनाइटचा मोठा पुतळा आहे. उठून बसणारा स्फिंक्स आणि शेजारी उभी शेतकरी बाई, डोक्यावरचा पदर हाताने मागे सारणारी. आधी तो रेल्वे स्टेशनसमोर होता, १९५५ मध्ये इथे आणला. तो पाहा आणि मग लगतची ओरमान बाग उघडी असेल तर तिथे आईंना सावलीत बसवा. घड्याळाचे टोले तिथे ऐकू येतात. घुमटही दिसतो, त्याखालच्या सभागृहात ओबामांनी २००९ मध्ये भाषण केलं होतं.

तिथून टॅक्सीने दोक्कीचं शेतकी संग्रहालय जवळ आहे. निघण्याआधी उघडं आहे का याची हॉटेलात चौकशी करून घ्या. आत गव्हाच्या लोंब्या, नांगर, जुन्या गावांचे देखावे आहेत. राजकन्येच्या नावाची विचारपूस केलीत तर बहुतेक पहारेकरी मान डोलावतील, माझ्या वेळच्या एकाने बोटाने वरच्या मजल्याची खिडकी दाखवली होती. तहरीर चौकातली जानाक्लिसची वास्तू बाहेरून पाहायला मिळेलच, तुमची बस तिथूनच जाईल.

आल्यावर इथे लिहा. आणि जमलं तर त्या खिडकीचा फोटो टाका, माझ्याकडचा हलला आहे.